सिपो, मेंढ्या आणि तिन्हीसांज

"हा कुत्रा मी ओळखतो," हॅरी म्हणाला. "असला कुत्रा कुरणाच्या आसपास दिसला की माझे वडील बंदूक काढायचे."

डच भाषेत तो मला पहिल्याच भेटीत 'तू' म्हणत होता. इथे सगळेच म्हणतात, त्याचं काही नाही. पण बंदुकीचं त्याने इतकं सहज सांगितलं, की मी त्याच्याकडे बघतच राहिले.

आम्ही न्यूनेन नावाच्या डच गावाच्या टोकाला, त्याच्या कुरणाच्या कडेला उभे होतो. हिवाळा संपत आला होता, पण वारा अजून कानात शिरत होता. समोर मेंढ्या चरत होत्या. बहुतेक गाभण, पोटं जमिनीला टेकायच्या बेतात. कुरणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात पाण्याचा चर होता, इथल्या शेतांना असतो तसा. त्या चरात आधीच्या आठवड्यात हॅरीच्या दोन मेंढ्या मेल्या होत्या. पोटातल्या कोकरांसकट.

कुरणाला लागून सायकलचा रस्ता, मग गाड्यांचा लहानसा रस्ता आणि त्यापलीकडे घरांची रांग. त्यातल्या एका घराच्या खिडकीत तो कुत्रा बसला होता. तांबूस रंग, छातीवर पांढरा डाग, लांब पाय, बारीक कंबर. आम्ही दोघं त्याच्याविषयी बोलत होतो, पण त्याचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. तो मेंढ्या बघत होता.

"बघ," हॅरी म्हणाला. "आत्तासुद्धा हेरतोय."

माझं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी मूळची पशुवैद्य, मुंबईत शिकले. नवऱ्याला फेल्डहोवनला चिपची मशीन बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि मी डिपेंडंट व्हिसावर मागून आले. माझी डिग्री इथे तशीच्या तशी चालेना. घरी बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा कुत्र्यांच्या वागणुकीचा कोर्स केला. आता तोच माझा व्यवसाय आहे. कुत्रा कुणाला चावला, शेजाऱ्यांनी तक्रार केली, खेमेन्टेने म्हणजे इथल्या नगरपालिकेने नोटीस काढली, की मला बोलावतात. मी कुत्रा तपासते, घर बघते, माणसांशी बोलते आणि रिपोर्ट देते. कधी कधी त्या रिपोर्टवर कुत्र्याचं जगणं-मरणं ठरतं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. इतक्या वर्षांनंतरही सही करण्याआधी मी रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचते.

ह्या केसमध्ये खेमेन्टेची अधिकारी होती मार्लूस. चाळिशीची, सरळ बोलणारी. तिने मला फोनवर सगळं स्पष्ट सांगितलं होतं. "शेतकऱ्याने कुत्र्याला कुरणात पाहिलंय, एकदा नाही, तीनदा. मालक म्हणतात कुत्रा घराबाहेर जातच नाही. तो बाहेर कसा पडतो हे कळलं आणि ते थांबवता आलं, तर मी पट्टा आणि मुसकं सक्तीचं करून त्याला घरी ठेवू देईन. नाही कळलं तर जप्त करावा लागेल. आणि मेंढ्या मारणारा म्हणून जप्त झालेला कुत्रा पुढे कोण घेणार?"

कोणी घेत नाही. मग इंजेक्शन. ते तिने बोलून दाखवलं नाही.

कुत्र्याचे मालक आपलेच, वैदेही आणि प्रसाद. प्रसाद आयटीतला, मूळ पुण्याचा. दोघं सहा वर्षं जोहान्सबर्गला होते आणि तिथून दीड वर्षापूर्वी इथे आले. येताना कुत्राही आणला. नाव सिपो. झुलू भाषेत त्याचा अर्थ भेट. त्यांच्या घरी काम करणाऱ्या नोम्साने तिच्या गावाहून हा कुत्रा आणून दिला होता, तेव्हा तो सहा-सात महिन्यांचा होता.

वैदेहीचा मला पहिला फोन आला तेव्हा ती रडतच होती. "ताई, तुम्ही आपल्यातल्या आहात हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. आमचा सिपो तसला नाही हो."

मी मनात म्हटलं, झालं. प्रत्येक मालक हेच म्हणतो. कुत्र्याच्या दाताला रक्त लागलेलं असलं तरी म्हणतो. आणि 'आपल्यातल्या' हा शब्द आला की मला धडकी भरते. त्याच्यामागे काहीतरी मागणं असतंच.

आता ह्या कुत्र्याविषयी. दक्षिण आफ्रिकेत ह्यांना आफ्रिकानिस म्हणतात. आपल्या गावठी कुत्र्यासारखाच, पिढ्यानपिढ्या गावात, माणसांच्या आसऱ्याने वाढलेला. कुणी जोड्या लावल्या नाहीत, कुणी शेपट्या कापल्या नाहीत. पाळणाऱ्यांना विचारलं तर ते हरखून सांगतात. मिळेल ते खातो, फारसा आजारी पडत नाही, सारखा अंगाशी येत नाही, पण लक्ष सगळ्यांवर असतं. मोठ्या शेतांच्या मालकांना विचारलं तर वेगळंच ऐकू येतं. चोर, शिकारचोरांचा साथी, मेंढ्यांचा काळ. कुत्रा एकच. गावात एकाच विणीतलं एक पिल्लू शेळ्यांमध्ये वाढतं आणि त्यांना जपतं, दुसरं शिकाऱ्यांबरोबर वाढतं आणि हरणामागे धावतं. लहानपणी जे काम बघितलं ते त्याच्या अंगात भिनतं. सिपो कुठल्या कामात वाढला होता, हा माझा पहिला प्रश्न होता.

"शेळ्यांच्या वाड्यात," वैदेही म्हणाली. "नोम्साच्या भावाकडे खूप शेळ्या होत्या. सिपो त्यांच्यातच झोपायचा म्हणे."

ऐकायला बरं वाटलं. पण 'म्हणे' वर रिपोर्ट लिहिता येत नाही.

मी सिपोला तपासलं. दात, पंजे, सांधे, सगळं ठीक. मग आमच्या नेहमीच्या चाचण्या केल्या. अनोळखी माणूस अचानक जवळ जातो, छत्री उघडते, भांडं पडतं, जेवताना कृत्रिम हात ताटलीत जातो. चावरा कुत्रा कुठेतरी फुटतोच. सिपोने काय केलं? छत्री उघडली, तो उठला, चार पावलं लांब जाऊन बसला. हात ताटलीत गेला, त्याने ताटलीच सोडून दिली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मला माझीच लाज वाटली. गुरगुरला नाही, शेपूट पायात घातली नाही. भित्राही नव्हता आणि तापटही नव्हता.

मार्लूसने मेलेल्या मेंढ्यांचे फोटो पाठवले होते. ते मी नीट बघितले. गळ्यावर, मांडीवर चाव्याची एकही खूण नाही. हल्ली ह्या भागात लांडगा फिरतो, पण हे त्याचं काम नाही हे उघड होतं. लांडग्याने मारलं की ते लपत नाही. दोन्ही मेंढ्या चरात उलट्या पडलेल्या, पाय वर. गाभण मेंढी पाठीवर उलटली की तिला स्वतःहून उठता येत नाही. पोटात गॅस धरतो आणि ती तशीच मरते. म्हणजे त्यांना कुणी चावलं नव्हतं, कुणीतरी चरापर्यंत पळवलं होतं. हॅरीने सिपोला पाहिलं होतं. वैदेही म्हणत होती, सिपो घरातच असतो. दोघांपैकी कुणी खोटं बोलतंय असं मला वाटत नव्हतं, आणि इथेच माझं घोडं अडलं.

"दार उघडं राहतं का कधी?" मी विचारलं.

"छे हो! कधीच नाही. दोन कड्या असतात. जोहान्सबर्गची सवय आहे आम्हाला."

"मागची बाग?"

"सहा फुटी कुंपण आहे, बघा ना."

बघितलं. फटीतून उंदीरसुद्धा जाणार नाही असं कुंपण. प्रसादने स्वतः उभं राहून घातलेलं. मी पुढच्या दाराशी आले. तिथे हुकाला एक जुना टॉवेल लटकत होता. त्याला चिखलाचे डाग होते. काळा, वास येणारा चिखल. चराच्या काठी असतो तसला. बाग तर सगळी फरशीची.

"हा कशाचा?"

"सिपोचे पाय पुसायचा. संध्याकाळी चिखलाने भरवून येतो ना."

"कुठून येतो?"

वैदेही गोंधळली. "इथेच, अंगणात असतो तेव्हा."

"अंगणात कधी असतो?"

"असतो थोडा वेळ संध्याकाळी," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. तिला खरंच त्यात काही सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. मी घड्याळाकडे बघितलं. बाहेर उजेड उतरत होता. मी म्हटलं, वैदेही, मी थोडा वेळ थांबले तर चालेल का? ती म्हणाली, जेवूनच जा.

थांबले म्हणून कळलं.

दिवेलागण झाली. वैदेहीने हातपाय धुतले, देवाशी समई लावली. मग येऊन पुढचं दार सताड उघडलं, उंबऱ्याशी पणती ठेवली आणि आत देवासमोर जाऊन बसली. डोळे मिटून हळू आवाजात स्तोत्र म्हणायला लागली. गार वारा थेट आत येत होता. माझ्या आईच्या घरी हेच असायचं. तिन्हीसांजेला दार बंद ठेवायचं नाही, लक्ष्मी परत जाते. मी स्वतः हे कधीच सोडून दिलंय. हीटिंग चालू असताना दार उघडं ठेवायची माझ्यात हिंमत नाही.

दार उघडल्याबरोबर सिपो उठला. अंग ताणलं नाही, पळाला नाही. ऑफिसला निघालेल्या माणसासारखा बाहेर पडला. मी त्याच्या पट्ट्याला आधीच लाँग लाइन, म्हणजे लांब हलकी दोरी, अडकवून ठेवली होती. ती हातात धरून मी मागोमाग गेले. अंगण ओलांडलं, रस्ता ओलांडला, सायकलचा रस्ता ओलांडला. कुरणाच्या तारेशी मी दोरी आवळली. तो थांबला. ओढाओढ केली नाही. फक्त अंधारात उभ्या असलेल्या मेंढ्यांकडे बघत बारीक कण्हायला लागला. इतका वेळ त्याचा आवाजच मी ऐकला नव्हता.

परत आले तेव्हा वैदेही पणतीला हाताचा आडोसा करून दारात उभी होती. माझ्या हातातली दोरी, माझ्या बुटांचा चिखल तिने बघितला. तिला एका क्षणात सगळं कळलं.

"अगंबाई," ती म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली. "ताई, मीच सोडते त्याला. रोज."

"तू म्हणालीस, दार कधी उघडं नसतं."

"ते मी दार उघडं ठेवणं धरतच नाही हो. ती दिव्याची वेळ असते." तिने पणती खाली ठेवली. "तिकडे मोठी भिंत होती, गेट होतं. मी दार उघडलं की तो भिंतीच्या कडेने फेरी मारून यायचा. इथेही तेच करत असेल, असं वाटलं मला. माझ्या डोळ्यांसमोर भिंतच होती."

मला तिच्यावर चिडायचं होतं. दोन जिवंत मेंढ्या आणि त्यांची कोकरं गेली होती. पण चिडता येईना. भिंत इकडे आणायची राहिली, सवय तेवढी आली.

प्रसाद ऑफिसमधून आला, त्याने ऐकलं आणि तो खुर्चीत बसूनच राहिला. मग मला म्हणाला, "ताई, एक विचारू? हे दाराचं रिपोर्टमध्ये यायलाच हवं का?"

आलं मागणं.

"म्हणजे?"

"आमचं पर्मनंट रेसिडेन्सचं ॲप्लिकेशन चालू आहे. निष्काळजीपणा म्हणून कुठे रेकॉर्डवर आलं, तर मला फार टेन्शन आहे. तुम्ही असं लिहा ना, की कुत्रा कसातरी निसटतो. उडी मारत असेल."

"सहा फुटांवरून?"

"आपल्यातल्या आहात म्हणून म्हटलं."

"प्रसाद," मी म्हटलं, "कसातरी निसटतो असं लिहिलं, तर तो थांबवता येत नाही असा त्याचा अर्थ होतो. त्याला घेऊन जातील. पुढचं काय ते मी तुला सांगायला नको."

वैदेही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "इथला पहिला हिवाळा मी ह्याच्या जिवावर काढलाय. तू सकाळी जायचास, रात्री यायचास. ह्या घरात दिवसभर माझ्या बरोबर हाच होता."

"मला काय तो नको आहे का?" प्रसाद एकदम ओरडला. मग हळू म्हणाला, "पण आपण दोघं आधी."

मी म्हटलं, तुम्ही काय ते ठरवा, मी दिसलं तेच लिहिणार. आणि बाहेर पडले. आपल्या माणसांना नाही म्हणायला फार ताकद लागते, ते कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत.

पण माझंही काम पुरं झालं नव्हतं. कुत्रा बाहेर कसा जातो ते कळलं. जाऊन करतो काय, ते कळायचं होतं. शिकार करत असेल तर दार बंद करून भागणार नाही. मी मार्लूसला सांगितलं, मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुरणातच चाचणी घ्यायची आहे. कुत्र्याला मुसकं असेल, लांब दोरी असेल, दोरी माझ्या हातात असेल. हॅरीला विचारलं, गाभण नसलेल्या थोड्या मेंढ्या देशील का? त्याने मला खालून वर बघितलं.

"आणि त्याने पळवलं तर?"

"तर मी तसं लिहीन. तुझ्यासमोर."

तो तयार झाला. बहुतेक मला खोटं पाडायला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण कुरणात होतो. हॅरी, मार्लूस, वैदेही, प्रसाद आणि मी. गाभण मेंढ्या गोठ्याजवळच्या तुकड्यात हलवलेल्या होत्या. उरलेल्या सात-आठ कुरणभर विखुरलेल्या. उजेड कमी व्हायला लागला तसा सिपो उभा राहिला. मी दोरी सैल सोडली.

तो मेंढ्यांच्या अंगावर गेला नाही. कुंपणाच्या कडेने लांबचा वळसा घेऊन त्यांच्या पलीकडे गेला. मी धापा टाकत मागे. भुंकला नाही, डोकं खाली, पावलं संथ. एक मेंढी हलली, मग दुसरी. लांब राहिलेल्या एका म्हातारीच्या मागे तो जाऊन उभा राहिला, नुसता उभा, ती चालायला लागेपर्यंत. हळूहळू सगळ्या एकत्र झाल्या आणि पुढे सरकायला लागल्या. कुरणाच्या त्याच कोपऱ्याकडे, जिथे चर होता.

चराच्या अलीकडे एक जुना लाकडी वाडा आहे. लोकर कापायच्या वेळी मेंढ्या कोंडतात तो. त्याचं फाटक बंद होतं. मेंढ्या फाटकाशी येऊन थांबल्या, एकमेकींना ढुसण्या द्यायला लागल्या. तिथून चर अगदी हाताच्या अंतरावर. मेंढ्या मेल्या त्या संध्याकाळी कुरणात सगळा कळप असणार, पोटं जड, आणि फाटक बंद. कडेच्या दोघी कुठे गेल्या असतील ते सगळ्यांनाच दिसलं.

सिपो बसला. मेंढ्यांच्या मागे, जमिनीवर. मान वळवून त्याने आमच्याकडे बघितलं. मग फाटकाकडे. मग परत आमच्याकडे.

तो फाटक उघडायची वाट बघत होता.

नोम्साच्या गावी शेळ्या रात्री उघड्यावर राहत नाहीत. अंधाराच्या आत सगळ्या वाड्यात याव्या लागतात, मागे राहिलेल्यांना कुत्रा आणतो, फाटक माणूस लावतो. इथे मेंढ्या रात्रभर कुरणातच असतात. खिडकीत बसून सिपो रोज दिवस मावळताना बघत होता, की एवढी जनावरं बाहेर आहेत आणि कुणी त्यांना आत घेत नाही. दार उघडलं की तो जायचा, आपला भाग करायचा आणि माणसाची वाट बघायचा. माणूस कधी आला नाही.

मग हॅरी चालत गेला. फाटकाची कडी गंजली होती, ती त्याने लाथ मारून सोडवली. मेंढ्या आत शिरल्या. त्याने फाटक लावलं आणि त्याला टेकून उभा राहिला. सिपो आडवा झाला, मुसक्यातलं तोंड पंजांवर टेकून.

हॅरीचं बालपण दक्षिण आफ्रिकेत नटालला गेलं होतं, हे त्याने तेव्हा सांगितलं. आईवडील इथून तिकडे शेती करायला गेले होते. तो विशीत परतला. "आमच्या गुराख्यांकडे असे कुत्रे होते," तो म्हणाला. "संध्याकाळी गुरं आणायचे. मी लहान होतो, फाटकावर चढून बघायचो." त्याने फाटकाच्या लाकडावरून हात फिरवला. "वडिलांना कुरणात लांबून कुत्रा दिसला. शिकारचोराचा वाटला. तो आमचीच वासरं घेऊन येत होता."

त्याने आधी सांगितलेली ती बंदूक मला आठवली.

मार्लूस अधिकारी बाई. तिने नाक पुसलं आणि मुद्द्यावर आली. "हे सगळं ठीक. पण हॅरीच्या दोन मेंढ्या त्याच्यामुळेच मेल्या. आणि तो इथे पोचतो कसा?"

प्रसादने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वैदेही पुढे झाली. ती इथे अजून डच शिकतेय. दुकानात बोलायचं झालं तरी प्रसादला पुढे करते. तिने एकेक शब्द जुळवत सांगितलं, "दार मी उघडते. रोज संध्याकाळी. चूक माझी आहे, कुत्र्याची नाही."

"रोज?" मार्लूस म्हणाली. "ह्या थंडीत? कशाला?"

वैदेहीला लक्ष्मी डचमध्ये सांगता येईना. मग म्हणाली, "अंधार पडायच्या आत सगळ्यांनी घरात यावं म्हणून."

हॅरीने मान वर केली. तिच्याकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं. प्रसादने वैदेहीच्या पाठीवर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते. तो डचमध्ये म्हणाला, "माझंही लक्ष नव्हतं. दोघांचं लिहा."

मी रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं. दारही लिहिलं, मेंढ्यांचा मृत्यू कुत्र्याने हाकल्यामुळे झाला हेही लिहिलं. हळूच, आवाज न करता, चांगल्या हेतूने हाकल्या तरी मेलेल्या मेंढ्या मेलेल्याच असतात. कुत्रा हल्लेखोर नाही, पण मोकळा सुटला तर हेच पुन्हा करील, असं स्वच्छ लिहिलं. मार्लूसने त्याला घरी राहू दिलं. बाहेर नेताना पट्टा आणि मुसकं, कायमचं. प्रसादच्या रेसिडेन्सचं काही बिघडलं नाही. त्याची भीती उगाच होती, पण ती भीती मला माहीत आहे, आपण सगळेच ती घेऊन राहतो.

हॅरी मात्र वैदेहीला 'जाऊ दे' असं कधी म्हणाला नाही. ती फुलं घेऊन गेली होती. त्याने घेतली, दार लावलं. त्याच्या दोन मेंढ्या होत्या त्या. त्याला तो हक्क आहे.

माझ्या मनाला वेगळीच रुखरुख होती. दार बंद केलं तरी खिडकी होतीच. पहिले पंधरा दिवस वैदेही रोज फोन करायची. अंधार पडायला लागला की सिपो दाराशी जातो, कण्हतो, पंजे घासतो. एक नख मुळापासून तुटलं. मी सांगितलं, त्या वेळी मागच्या खोलीत ठेव, पडदे ओढ, चघळायला काहीतरी दे. आमच्या धंद्यातले सगळे उपाय सांगितले. एकाचाही उपयोग झाला नाही. काम अर्धवट राहिलंय हे ज्याला दिसतंय, त्याला हाडूक चघळायला देऊन काय होणार? औषध सुरू करायचं का, असं मी स्वतःलाच विचारत होते.

मग फोन यायचे थांबले. मला वाटलं, कंटाळली. कोकरं जन्माला आल्यावर मी फॉलोअपला गेले. मुद्दाम संध्याकाळी गेले.

पुढच्या खोलीचे पडदे उघडे होते. सिपो खिडकीत. पलीकडे कुरणात हॅरी आला. आता ह्या भागात लांडगा फिरतो म्हणून रात्री मेंढ्या आत घ्या, असं सरकारी लोक कधीपासून सांगत होते. हॅरीने त्यांना उडवून लावलं होतं. आमच्या तीन पिढ्यांनी आत घेतल्या नाहीत, असं मलाच म्हणाला होता. तो आता बादली वाजवत चालला होता आणि मागून मेंढ्या आणि कोकरं. गोठा त्याच्या घराजवळ आहे, तिकडे नेल्या असत्या तर जवळ पडलं असतं. तो त्यांना लाकडी वाड्याकडे नेत होता. चराच्या कडेला नवं कुंपण घातलेलं दिसलं. शेवटचं कोकरू आत गेलं, त्याने फाटक लावलं, कडी घातली. आणि ती नीट बसलीय की नाही बघावं तशी दोनदा हलवली, जरा मोठ्यानेच. रस्त्यापलीकडे आम्हाला ऐकू आली.

सिपो खिडकीतून उतरला. पाणी प्यायला आणि गादीवर जाऊन आडवा झाला.

"रोज असंच," वैदेही म्हणाली. "मी त्यांना विचारलं तर म्हणाले, लांडग्यासाठी करतोय."

मग तिने समई लावली. सिपोचा पट्टा खुंटीच्या कडीला अडकवला, तिला तसं करावंच लागतं, आणि दार उघडलं. गार वारा आत आला. सिपोने एक डोळा उघडून दाराकडे बघितलं आणि परत मिटला.

तेव्हापासून मी नव्या घरी गेले की 'दार उघडं राहतं का' असं विचारत नाही. त्याचं उत्तर सगळे नाही असंच देतात, आणि मनापासून देतात. मी विचारते, दिवस मावळताना तुमच्या घरी कोण काय करतं? आणि मग उत्तर ऐकण्यापेक्षा चहा घेते आणि अंधार पडेपर्यंत थांबते.